मोठा अर्धा

मशीननं अकरा दाखवले, आणि तिनं आधी मशीनलाच खोटं ठरवलं. माणूस दुसरं काय करणार? वीसच्या वर हवा असलेला आकडा गेल्या आठवड्यात तेरा होता. आज तो चढायला हवा होता, निदान होता तिथं तरी थांबायला हवा होता, आणि हा मेला आणखी दोन पायऱ्या उतरून बसला होता. नळीवरची नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी तिनं नंतरच वाचली होती. वरच्या मजल्यावरच्या वॉर्डातून रक्ताच्या नळ्यांचा ट्रे लॅबमध्ये आला तेव्हा त्यातली एक तिनं आपोआप मुठीत घेतली होती, आणि ती अजून कोमट लागली तेव्हा तिला मूठ सोडवेना. उभा जन्म लोकांचं रक्त हाताळण्यात गेला, पण असं कधी झालं नव्हतं. नवऱ्याचं रक्त हातात धरून उभं राहायचं आणि ते कोमट आहे म्हणून बरं वाटून घ्यायचं, हे काय तिचं वय होतं? पण वाटलं खरं. मग ती नळी तिनं फिरकीयंत्रात फिरवली, वरचं पिवळं पाणी मशीनला दिलं, आणि मशीननं अकरा दाखवले.

प्रीअल्ब्युमिन, रक्तातलं एक प्रथिन. नाव भारदस्त, काम चहाडीचं. रक्तातलं अल्ब्युमिन म्हणजे घरातलं थोरलं माणूस, घरात काय चाललंय ते त्याला महिन्याभरानं कळतं. आणि हे दुसरं म्हणजे शेजारीण. तुम्ही चार दिवस कमी जेवलात की हिच्या तोंडून गावभर. आजारपणात ताप-सुजेमुळेही तो आकडा पडतो, हे तिला पाठ होतं, आणि पहिल्या आठवड्यात तिनं स्वतःची समजूत त्यावरच काढली होती. पण आता ताप गेला होता, सुजेचा आकडा उतरला होता, सगळ्या सबबी संपल्या होत्या. आता अकरा म्हणजे अकरा. माणूस जेवत नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवून नीट सांगितलं होतं, तिला ठाऊक असलेलंच सांगितलं होतं, तरी तिनं पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. मेंदूच्या डाव्या बाजूला एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली, तेवढा भाग उपाशी राहिला. जो भाग वाचलाय त्याला आता शेजाऱ्याचं काम शिकायचंय, आणि शिकायला अंगात काही असावं लागतं. "पोटात काही गेलं नाही तर हात कुठून उचलणार, ताई? शनिवारच्या रिपोर्टमध्ये आकडा वर आला तर मी त्यांना व्यायामाच्या वॉर्डात पाठवतो. नाही आला तर पोटात नळी घालून अन्न सुरू करू. ती काही शिक्षा नाही." शिक्षा नाही, हे तिलाही समजत होतं. नळीनं माणसं जगतात, सुधारतात. तिला नळीची भीती नव्हतीच. समुपदेशन करणारी बाई पुढे जे बोलली त्याची होती. "कधी कधी पेशंटला जगायची इच्छाच राहत नाही. गिळता येत असतं, पण ते तोंड फिरवतात." हे वाक्य तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. परगावच्या मुलीलाही नाही. मुलीला ती फोनवर म्हणायची, बाबा छान आहेत, हळूहळू घेतायत.

"कंट्रोल लाव गं परत," ती म्हणाली. पलीकडच्या टेबलावर फौजदारीण होती. खरी फौजदारीण नव्हे, लॅबमधली तिच्याच बरोबरीची, अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट, म्हणून हे नाव. कंट्रोल म्हणजे कंपनीकडून आलेली बाटली, तिचा आकडा आधीच ठाऊक असतो. मशीननंही तोच दिला म्हणजे मशीन शुद्धीवर आहे असं धरायचं. "सकाळी लावलाय. चोख आलाय," फौजदारीण मान वर न करता म्हणाली. "लाव म्हटलं ना." "अगं, बाटली काय तुझ्या बापाची आहे का? पुन्हा कशाला?" असं म्हणत ती उठली, कारण ती बोलायची एक आणि करायची दुसरं. कंट्रोल पुन्हा चोख आला. तेव्हा तिनं लॅबमधला जुना उपाय काढला. हे शिकवणारे वरिष्ठ कधीच निवृत्त होऊन गेले होते, पुस्तकात ते कुठं छापलेलं नव्हतं, आणि बाहेरच्या कुणाला सांगितलं तर हसतील. बाटलीवर विश्वास बसेना की आपलंच रक्त लावायचं. बाटली कंपनीची, आपण आपले. या चाचणीचं पहिलं किट आलं होतं तेव्हा हौसेनं सगळ्यांनी आपापलं लावून पाहिलं होतं, आणि तिचा आकडा सव्वीस आला होता. मध्ये कितीदा तरी तिनं तो लावला, कधी सव्वीस, कधी सत्तावीस. स्वतःच्या चपलेचा नंबर ठाऊक असावा तसा. तिनं बाही वर केली, पट्टा दातांनी ओढून बांधला, आणि फौजदारीण "थांब, मी घेते" म्हणेपर्यंत नळी भरलीसुद्धा.

मशीन आपल्या वेळेनं काम करतं. त्याला कुणाच्या नवऱ्याची घाई नसते. ती स्टुलावर बसली, आणि बसताच कानात बारीक घरघर आली, कोपऱ्यातल्या फ्रिजची. हा फ्रिज जुनाच होता, तिच्या नोकरीइतका. त्याच्याच आधीच्या कुठल्याशा बिघाडात तो पहिल्यांदा या खोलीत आला होता, फ्रिजवाला. हातात पेटी, कपाळाला काळं, आणि आल्या आल्या फ्रिजला कान लावून डोळे मिटून उभा. तिला वाटलं होतं, याला झोप लागली की काय. मग डोळे न उघडताच म्हणाला, "हा दमलाय. पण मरत नाही." फ्रिज रिकामा करायला घेतला तर नळ्यांच्या मागे तिचा जेवणाचा डबा. असं ठेवायला सक्त मनाई, ती ठेवायची. त्यानं डबा दोन बोटांत उचलून सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, हे सॅम्पल कोणाचं?" तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यानं वाट बघितली नाही, डबा तिच्या टेबलावर ठेवला, हात धुऊन आला आणि समोर बसला. "मी पण जेवलो नाही. आणि मला एकट्यानं घास उतरत नाही, लहानपणापासूनची खोड आहे." स्वतःचा कागदात गुंडाळलेला पाव आणि अंडं त्यानं मध्ये ठेवलं, तिच्या डब्याच्या मधोमध चमच्यानं रेघ ओढली, आणि एक बाजू तिच्याकडे फिरवली. रेघ मधोमध नव्हतीच. तिचा भाग उघड उघड मोठा होता. "हे अर्धं नाही झालं," ती म्हणाली. "अर्धंच आहे. तुमचा मोठा अर्धा, माझा लहान अर्धा." "अर्ध्यात लहान-मोठं कसं असेल?" "असतं. फ्रिजवाल्यांच्यात असतं." तिच्या आयुष्यात तिच्याशी इतका बिनडोक वाद कुणी घातला नव्हता, आणि कदाचित म्हणूनच तिनं त्याच्याशी लग्न केलं.

ती खोड गेली नाही. संसारात काय काय गेलं, केस गेले, दात गेले, मुलगी दूर गेली, पण ही खोड खुंटीला बांधल्यासारखी राहिली. तिला लॅबमधून यायला उशीर झाला तर ताट वाढून झाकून ठेवायचा आणि रेडिओचं पोट उघडून बसायचा. "अहो, जेवून घ्यायचं ना!" ती करवादायची. "भूकच नव्हती," तो म्हणायचा, आणि त्याच्या पोटातले कावळे दाराबाहेरच्याला ऐकू जायचे. ती बसली, तिनं पहिला घास घेतला, की मग हा जेवणार. त्यावरून त्यांची भांडणं झाली, मुलगी हसायची, शेजारी हसायचे. पुढे त्या भांडणाचंही मीठ विरघळलं आणि ती नुसती एक सवय उरली. सवयीचं काय असतं, ती दिसत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरखालचा रंग जसा कॅलेंडर काढल्यावरच दिसतो. आणि एके दिवशी तो स्वयंपाकघरातच कोसळला, हातातला पाना खाली पडला, तोंड वाकडं झालं, आणि तिनं, लोकांना शहाणपण शिकवणारीनं, पहिल्यांदा काय केलं तर पाना उचलून जागेवर ठेवला. मग किंचाळली.

आता वर, खिडकीशेजारच्या पलंगावर, त्याचा उजवा हात उशीवर ठेवलेला असायचा, पाहुण्याचा असल्यासारखा. बोलण्यातला एकच शब्द वाचला होता, "हो". सगळ्याला हो. दुखतंय का? हो. दुखत नाही ना? हो. पंखा लावू? हो. बंद करू? हो. सुरुवातीला ती बाहेर जाऊन रडली, नंतर तिच्या लक्षात आलं की हो ओठांत नसतो, भुवयांत असतो. भुवया जवळ आल्या की तो हो म्हणजे नाही. गिळण्याची तपासणी करणारीनं घट्ट, गुळगुळीत अन्नाला परवानगी दिली होती. बटाटा, अंडं, भाज्या, सगळं एकत्र वाटून एकाच रंगाचं झालेलं. दुपारच्या सुट्टीत ती धावत वर यायची, पलंगाशी उभी राहायची, पांढरा कोटही काढायची नाही, चमचा भरायची. पहिला कसाबसा जायचा. दुसऱ्याला तो डावा हात उचलायचा, तिचं मनगट धरायचा आणि चमचा परत लोटायचा. "खा ना हो. माझ्यासाठी." "हो," भुवया जवळ. पुन्हा लोटायचा, जोरानं. सांडायचं. तिच्या कोटावर, छातीपाशी, कॉलरवर, एकदा तर चक्क हनुवटीवर. नर्स म्हणाली होती, चमचा भिरकावतात. तिनं खाली बेसिनला कोट धुतला आणि मनात म्हटलं, तुला माझ्या हातचंही नको का रे? लग्नानंतर पहिल्यांदा तिनं मनातल्या मनात त्याला अरे म्हटलं. आणि त्या दिवसापासून ती आणखी आधी यायला लागली, आणखी उशिरा जायला लागली, पुस्तकं उघडली, पावडरी आणल्या, चमचा बदलला, वाटी बदलली. जिवाचं रान केलं. संध्याकाळी घरी जाऊन ताट वाढायची ताकद नसायची, आणि कुणासाठी वाढायचं? चहात एक बिस्कीट बुडवलं की झालं. हे तिला आठवतही नव्हतं, कारण आठवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मशीन वाजलं. ती उठली आणि पाहिलं. चौदा. तिचे, स्वतःचे, सव्वीसचे चौदा. आणि तिचा आनंद काय सांगावा! भर लॅबमध्ये तिनं टाळी वाजवली. "बघ! म्हटलं नव्हतं? मशीन खोटं बोलतंय. मला चौदा देतंय, मला! सगळं निम्म्यावर आणून दाखवतंय. म्हणजे त्यांचे अकरा नाहीत, त्यांचेही वीसच्या पुढे असणार!" तिचा आवाज चढला होता, गाल गरम झाले होते. "सगळे रिपोर्ट थांबव. एकही वर जाऊ द्यायचा नाही. इंजिनियरला फोन लाव. डॉक्टरांना मीच सांगते, नळीबिळी काही नको." तिनं फोन उचललासुद्धा. फौजदारीण उठून आली. तिनं तो फोन तिच्या हातातून काढून जागेवर ठेवला, आपली बाही वर केली आणि पुढे केला हात, केवढा तो हात. "घे माझं. काढ." "कशाला?" "काढ म्हटलं ना." आता तो शब्द तिचाच तिच्याकडे परत आला होता. तिनं काढलं, लावलं, दोघी मशीनसमोर उभ्या राहिल्या, वाट पाहत. फौजदारणीचे एकतीस आले. "खाऊन-पिऊन कमावलेले आहेत," फौजदारीण म्हणाली, पण हसली नाही. "मशीनला काही झालेलं नाही, बयो. तू शेवटची जेवलीस कधी?"

"काल," ती लगेच म्हणाली. "काय?" "काल... आपलं नेहमीचंच." "नेहमीचं म्हणजे काय? पानात काय होतं?" काय होतं? ती आठवू लागली, आणि काखेत कळसा असलेल्या बाईनं गावभर हिंडावं तशी मागे मागे हिंडली. काल, परवा, त्याच्या आधी. चहा सापडला. बिस्किटं सापडली. एक केळं सापडलं, त्यातलंही अर्धं. पान कुठंच सापडेना. हातातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकलं होतं, आणि गेल्याच आठवड्यात तिनं त्याच्या पट्ट्याला शिव्या दिल्या होत्या, सैल झाला म्हणून. पट्टा खोटा, मशीन खोटं, सगळं जग खोटं. तिला आरशात न पाहताच आपला चेहरा दिसला, आणि तो चेहरा कुणीतरी रोज दुपारी पलंगावरून बघतंय हेही तेव्हाच दिसलं. खिडकीच्या उजेडात, अगदी जवळून. ज्याला फ्रिज दमलाय की मरतोय हे कान लावून कळतं, त्याला. आणि त्याच्याजवळ सांगायला काय, तर एक हो, आणि एक हात. मनगट धरून चमचा लोटणारा हात. तो लोटत होता खरा. पण कुणीकडे? भिंतीकडे कधीच नाही. पलीकडे, जमिनीवर, खिडकीकडे, कधीच नाही. तिच्याच छातीपाशी, कॉलरवर, हनुवटीवर, तोंडाच्या दिशेनं. "अगं आई गं," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. फौजदारणीनं तिच्यापुढे आपला डबा सरकवला. तिनं तो उघडला नाही, उचलला फक्त. "इथं नको. वर घेऊन जाऊ?" "जा. डबा मात्र परत आण," फौजदारीण म्हणाली, आणि तिकडे तोंड करून उगाच नळ्या मोजू लागली. "आणि रिपोर्ट?" तिनं पाठमोरीच विचारलं. "पाठव. अकराच पाठव. खरे आहेत ते."

तो जागा होता. जेवणाचा ट्रे पलंगावरच्या टेबलावर झाकलेला होता, आणि त्यानं तिच्याकडे पाहिलं तेच मुळी दमून, आता पुन्हा तेच सुरू होणार म्हणून. तिनं कोट काढला. खुर्ची ओढली. इतक्या दिवसांत ती या खोलीत बसली नव्हती. उभं राहणाऱ्याला घाई असते, हे तिला आता कळलं, आणि ज्याला घाई असते त्याच्यासोबत कोण जेवेल? तिनं ट्रेचं झाकण काढलं, डब्याचं झाकण काढलं. चमचा भरला. आधी डब्यातून नव्हे, त्याच्याच ताटातला, तो एकाच रंगाचा गोळा. आणि तो तिनं आपल्या तोंडात घातला. शी! त्याला ना मीठ, ना चव, नुसतं गिळगिळीत. तिचं तोंड वाकडं झालं, त्याच्याहून वाकडं. "हे खायला घालत होते मी तुम्हाला? आणि वर खा खा म्हणत होते?" त्याच्या तोंडाची जी बाजू हलत होती ती हलली. मग त्याच्या घशातून एक आवाज आला, अडकलेला, गंजलेला, पण हसण्याचाच. ती घाबरली, ठसका लागेल म्हणून. नाही लागला. तिनं डब्यातला एक घास घेतला, चावून खाल्ला, त्याच्या डोळ्यांदेखत गिळला. तो बघत होता. घास खाली उतरेपर्यंत बघत होता, तिची गिळण्याची तपासणी त्याच्याकडेच दिल्यासारखा. मग त्यानं तोंड उघडलं. तिनं काही न बोलता चमचा त्याच्या तोंडात दिला. एक तिचा, एक त्याचा. एक तिचा, एक त्याचा. तिचे डोळे वाहत होते, आणि तिनं ते पुसले नाहीत, कारण एका हातात चमचा होता आणि दुसरा त्यानं धरला होता. "मला वाटलं, तुम्हाला जायचंय," ती म्हणाली. "वेडीच मी. अहो, सांगायचं तरी ना." आणि हे म्हटल्यावर तिचं तिलाच हसू आलं, सांगणार कसा बिचारा.

आहाराचं बघणारी बाई दारात येऊन उभी राहिली. तिनं पेशंटच्या ताटातून नातेवाईक जेवताना पाहिली आणि तोंड उघडलं, मग ताट पाहिलं आणि मिटलं. "उद्यापासून दोन पाठवू का?" तिनं विचारलं. "दोन पाठवा," ती म्हणाली. "आणि काय टाकलंत यात? दुसऱ्यात मीठ तरी घाला." शनिवारी आकडा चढेल का, ते तिला सांगता आलं नसतं. चार दिवसांत शेजारीण काय बातमी देईल ते शेजारणीलाच ठाऊक. कदाचित नळी लागेलही थोडे दिवस. लागू दे. नळीसमोरही बसता येतं, आपलं पान घेऊन. जायचंच असतं तर यानं तिच्या पोटाची उठाठेव कशाला केली असती? ज्या माणसाला बायकोनं घास घ्यावा म्हणून भांडायचंय त्याला बराच वेळ इथं राहायचं असणार. तिचं मनगट सोडून त्याचा डावा हात ताटाकडे गेला. तिला वाटलं, पुरे म्हणतोय. त्यानं तिच्या हातातून चमचा काढून घेतला. बोटांना सवय नव्हती, चमचा दोनदा निसटला, ती पकडायला गेली नाही. ताटात उरलेल्या त्या बेचव गोळ्यात त्यानं चमच्याचं टोक रुतवलं आणि ओढलं, हळूहळू, वाकडीतिकडी, या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ. मग तळव्यानं ताट फिरवलं. तिच्या बाजूला आलेला भाग उघड उघड मोठा होता.

"हे अर्धं नाही झालं," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला, भुवया जवळ आणून.